बॅकअप असूनही फाइली जातात तेव्हा: व्हायरस आणि बॅकअप यांच्यामधली वाट कशी तोडायची

घरच्या कॉम्प्युटरबद्दल दोन तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. पहिली अशी: "व्हायरसने सगळ्या फाइली लॉक केल्या. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तिच्यातल्याही गेल्या." दुसरी अशी: "फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकलं, बॅकअपमधून फाइली परत आणल्या आणि थोड्याच दिवसांत तेच दुखणं पुन्हा सुरू झालं." दोन्हीकडे माणूस निष्काळजी नव्हता. त्याने आठवणीने बॅकअप घेतला होता, तरी तो कामाला आला नाही. मुलांचे लहानपणचे फोटो किंवा कित्येक वर्षांचे हिशेब असे गेले की होणारी तळमळ ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हा विषय हलका वाटत नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. कॉम्प्युटर आणि बॅकअप यांच्यामध्ये वाट उघडी राहिलेली असते. ती वाट कधी यूएसबी केबलची असते, कधी घरच्या नेटवर्कची, कधी क्लाउडच्या पासवर्डची. दुसऱ्या तक्रारीत तीच वाट उलट्या दिशेने वापरली जाते, म्हणजे बॅकअपमध्ये जाऊन बसलेला व्हायरस स्वच्छ कॉम्प्युटरवर परत येतो. म्हणून बॅकअपच्या किती प्रती आहेत, याच्या आधी त्या प्रतींपर्यंत काय काय पोचू शकतं हे बघायचं.

आत्ता, या क्षणी फाइली लॉक होत असतील तर

फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर आधी बाहेरच्या हार्ड डिस्कची आणि नेटची केबल उपटा, वायफाय बंद करा. एरवी ड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करूनच काढावा, पण इथे तेवढा वेळ नसतो. तरीही बदल थांबत नसतील तर पॉवरचं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद करा. फाइली सोडवायला पैसे मागणारी खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आलेली असेल आणि सगळं शांत झालं असेल, तर मात्र घाईने रीस्टार्ट करू नका. २०१७ च्या 'वॉनाक्राय' या फाइली लॉक करणाऱ्या व्हायरसमध्ये काही जुन्या विंडोजवर कुलपाच्या किल्लीचे अंश मेमरीत शिल्लक राहत होते. ज्यांनी कॉम्प्युटर बंद केला नव्हता, त्यांच्यापैकी काहींच्या फाइली त्यातून सुटल्या. दरवेळी असं होत नाही, पण थोडा धीर धरल्याने काही बिघडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. "बॅकअप ठीक आहे ना, जरा बघू" म्हणून कपाटातली चांगली हार्ड डिस्क त्या कॉम्प्युटरला जोडू नका. हातात उरलेली शेवटची प्रत बहुतेक वेळा इथेच जाते. ती बघायचीच असेल तर दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर बघा.

लॉक झालेल्या फाइली पुसूनही टाकू नका. खंडणीची चिठ्ठी आणि त्या फाइली एका वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून त्यावर ठळक अक्षरांत तसं लिहून ठेवा. जुलै २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था आणि कॅस्परस्की व इंटेल सिक्युरिटी या कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. त्याच्या वेबसाइटवर लॉक झालेली एक फाइल आणि चिठ्ठी देऊन व्हायरसचा प्रकार ओळखता येतो, आणि त्यावर फुकट उतारा असेल तर तोही मिळतो. घरगुती कॉम्प्युटरना खूप छळणाऱ्या 'स्टॉप डीजेव्हीयू' या कुळातल्या जुन्या प्रकारांवर ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने असाच उतारा काढला. त्याच्या आधी वैतागून फॉरमॅट केलेल्यांच्या हातात तेव्हा सोडवायला फाइलीच उरल्या नव्हत्या.

उतारा शोधताना मात्र जपून. २०२० मध्ये 'झोरॅब' नावाचा एक व्हायरस याच डीजेव्हीयूवरचा उतारा म्हणून फिरत होता. तो चालवला की आधीच लॉक असलेल्या फाइलींवर दुसरं कुलूप बसायचं. घाबरलेल्या माणसाला लुबाडणं सोपं असतं. म्हणून असा प्रोग्रॅम व्हिडिओखालच्या लिंकवरून कधीच घ्यायचा नाही, वर सांगितल्यासारख्या माहितीच्या ठिकाणाहूनच घ्यायचा.

हा खरंच व्हायरस आहे का?

फॉरमॅटवर हात टाकण्याआधी पाच मिनिटं निदानाला द्या. फाइल उघडत नाही म्हणजे व्हायरसच, असं नसतं.

प्रत्येक फाइलच्या नावामागे एकच अनोळखी शेपूट लागलं असेल आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल येऊन पडली असेल, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. ही झाली गंभीर स्थिती.

पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचे शॉर्टकट झाले असतील तर फाइली बहुधा शाबूत असतात, फक्त लपवलेल्या असतात. कुठल्याही शॉर्टकटवर क्लिक करू नका, कारण त्या क्लिकनेच व्हायरस चालू होतो. स्वच्छ कॉम्प्युटरवर फोल्डरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यापुढची खूणही काढा. पुष्कळदा नाव नसलेलं एक फोल्डर दिसतं आणि सगळा माल त्यात असतो. त्यातले फोटो आणि कागदपत्रं तेवढी उचला, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. जवळपास कोणाकडे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर त्याहून बरं. लिनक्सला विंडोजने लपवलेल्या फाइली उघड दिसतात आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे सहसा चालत नाही.

नावं तशीच आहेत, पण काही फाइली उघडत नाहीत, कॉपी फार सावकाश होते, डिस्कमधून टकटक आवाज येतो, असं असेल तर डिस्क मरायला टेकली आहे. अशा वेळी अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावणं घातक, कारण उरलेला जीव तो स्कॅनच खातो. सर्वांत मोलाच्या फाइली आधी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

आणि डेस्कटॉप किंवा 'डॉक्युमेंट्स' एकाएकी रिकामं दिसत असेल तर वनड्राइव्हचं फोल्डर बघा. विंडोजचा बॅकअप चालू करताना ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवली जातात. तो पर्याय बंद केला की फाइली तिथेच राहतात आणि जुन्या जागी काही दिसत नाही. व्हायरस समजून घाबरलेल्या कित्येकांच्या फाइली अशा एका फोल्डरपलीकडे सुखरूप असतात.

केबलची वाट

रॅन्समवेअर तुमच्या नावाने, तुमच्या अधिकारात चालतं. जी फाइल तुम्ही बदलू शकता ती तेही बदलू शकतं. त्याच्या लेखी सी, डी, ई सगळे ड्राइव्ह सारखेच. ई म्हणजे बॅकअप, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेला 'क्रिप्टोलॉकर' कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हबरोबरच ड्राइव्हचं अक्षर दिलेली नेटवर्कवरची फोल्डरही लॉक करायचा. त्यानंतरच्या बहुतेक कुळांनी आणखी एक गोष्ट नेमाने केली. विंडोज स्वतःहून जुन्या फाइलींच्या ज्या 'शॅडो कॉपी' ठेवतं, त्या आधी पुसायच्या आणि मग कामाला लागायचं. मॅकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या प्रोग्रॅमच्या सेटअपमधून पसरलेल्या 'कीरेंजर'मध्ये मॅकच्या टाइम मशीन या सोयीने घेतलेला बॅकअप लॉक करण्यासाठी लिहिलेला अर्धवट भाग सापडला होता. म्हणजे बॅकअप हेच लक्ष्य असतं.

म्हणून बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवणं. विंडोजची 'फाइल हिस्टरी' किंवा मॅकचं टाइम मशीन दर तासाला प्रत घेतं. ते जरूर वापरा, चुकून पुसलेली फाइल त्यातून पटकन मिळते. पण व्हायरसपासून वाचवणारा बॅकअप म्हणून ते धरू नका.

उपाय साधा आहे: दोन हार्ड डिस्क, आळीपाळीने. एक वापरात असताना दुसरी कपाटात, शक्यतो दुसऱ्या घरात. दोन्ही एकाच वेळी एकाच कॉम्प्युटरला कधीही जोडायच्या नाहीत. एवढा एक नियम पाळला तर वाईटात वाईट म्हणजे एक डिस्क जाईल, दुसरी राहील.

डिस्क जोडण्याआधी नेट बंद करा. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाचसात फाइली उघडून बघा: एखादा जुना फोटो, एखादं पत्र, एखादी हिशेबाची फाइल. सगळ्या नीट उघडल्या तरच डिस्क जोडायची, कॉपी करायची आणि लगेच काढायची. याला जोड म्हणून मी एक युक्ती आवर्जून सुचवतो. नावाच्या क्रमाने पहिलं येईल असं एक फोल्डर करा आणि त्यात एक फोटो आणि एक मजकुराची फाइल पहारेकरी म्हणून ठेवा. त्या फाइलींना तुम्ही कधीच हात लावणार नाही. मग त्यांची 'बदलल्याची तारीख' हलली असेल, तर दुसऱ्या कोणीतरी हात लावला आहे. त्या दिवशी डिस्क जोडायची नाही.

क्लाउडची वाट

"माझं सगळं क्लाउडवर आहे" असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा सगळं सिंक झालेलं असतं. सिंक म्हणजे इथला बदल तिथे पोचवणं. फाइल लॉक झाली हाही बदलच, आणि तो तितक्याच तत्परतेने वर जातो. तिथून घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरही उतरतो.

इथे आधार असतो जुन्या आवृत्त्यांचा, आणि त्यांना मुदत असते. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या सर्वसाधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. तिथली कचरापेटीही ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर अख्खा वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणाला परत नेता येतो. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यालाही ३० दिवसांचीच सवलत आहे. म्हणजे एक महिन्याच्या आत लक्षात आलं पाहिजे. जे फोल्डर वर्षातून एकदा उघडतं, त्याच्यासाठी हा आधार अपुरा आहे.

फटका बसलाच तर क्रम चुकवू नका. आधी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर सिंक थांबवा. मग स्वच्छ कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये खातं उघडून जुन्या आवृत्त्या परत आणा. लागण झालेला कॉम्प्युटर सिंक चालू ठेवून तसाच राहिला, तर परत आणलेल्या फाइली तो पुन्हा लॉक करेल.

पासवर्डकडे लोकांचं लक्ष कमी जातं. डीजेव्हीयूच्या काही प्रकारांबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा दुसरा व्हायरस येत असे. क्लाउडचा पासवर्ड ब्राउझरमध्ये असेल आणि खात्याला दुसऱ्या टप्प्याची खातरजमा (पासवर्डनंतर फोनवरून द्यायचा कोड) नसेल, तर चोर थेट खात्यात शिरून जुन्या आवृत्त्याही पुसू शकतो. ती खातरजमा चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा, कारण फोनही हरवतो.

घरच्या नेटवर्कवर साठवणुकीची पेटी, म्हणजे एनएएस ठेवणाऱ्यांसाठी थोडक्यात. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर'ने इंटरनेटला उघड्या असलेल्या अशा असंख्य पेट्यांमधल्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप फाइलींमध्ये कोंबून ठेवल्या. घरातल्या कॉम्प्युटरला तिथे काही लागणच लागली नव्हती. पेटी बाहेरून दिसणार नाही अशी राउटरची सेटिंग करा, तिचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, आणि बॅकअप लिहिण्यासाठी वेगळं युजरनेम वापरा. रोजच्या वापराच्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नको. पेटीतल्या फाइलींचाही वेगळा बॅकअप लागतो, हे वेगळं सांगायला नको.

काळाची वाट: नवी खराब प्रत जुन्या चांगल्या प्रतीला गिळते

खूप घरांत बॅकअप म्हणजे एकच फोल्डर असतं. दर महिन्याला त्याच्यावरच कॉपी-पेस्ट आणि 'रिप्लेस ऑल'. फाइल इकडे खराब झाली आणि तुमच्या लक्षात आली नाही, तर पुढच्या कॉपीत खराब फाइल चांगलीच्या छातीवर बसते. फाइली 'मिरर' करणारे प्रोग्रॅम तर एक पाऊल पुढे जातात: इथून जे पुसलं ते तिथूनही पुसतात. हे फक्त व्हायरसपुरतं नाही, चुकून रिकाम्या झालेल्या फोल्डरचंही असंच होतं.

म्हणून दर बॅकअपला तारखेचं नवं फोल्डर करा, '२०२६-०१' अशा धर्तीवर. वर्ष आधी लिहिलं की क्रम आपोआप लागतो. जागा भरली की मधले बॅकअप पुसा, पण अलीकडचे तीन आणि प्रत्येक वर्षाचा एक तरी ठेवा. फोटो सहसा बदलत नाहीत, त्यामुळे वर्षाचे फोटो एकदाच वेगळे ठेवून दिले की दर महिन्याचं ओझं बरंच उतरतं. जे खरोखर जिवापाड जपायचं आहे ते डीव्हीडी-आर किंवा ब्ल्यू-रे आर या एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरही घालावं असं माझं मत आहे. डीव्हीडीत ४.७ जीबी बसतं, एकपदरी ब्ल्यू-रेत २५ जीबी. कोणताही व्हायरस त्यावर पुन्हा लिहू शकत नाही. ही पद्धत जुनी झाली आहे, लिहिणारा ड्राइव्ह बाहेरून जोडावा लागतो, तरी मोजक्या मोलाच्या गोष्टींसाठी ती घेण्यासारखी आहे.

फॉरमॅटनंतर व्हायरस परत का येतो

ही दुसरी तक्रार. इथे दोष बॅकअपमध्ये काय भरलं आहे याचा असतो.

पहिलं कारण म्हणजे फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करून डी तसाच ठेवणं. डीमध्ये जुने सेटअप, क्रॅक (विकतचे प्रोग्रॅम फुकट चालवण्यासाठी मोडलेल्या प्रती), गेम सगळं पडलेलं असतं. नवं विंडोज टाकल्यावर माणूस पहिल्यांदा तिथूनच प्रोग्रॅम टाकायला घेतो, आणि ज्या क्रॅकमधून व्हायरस आला होता तोच पुन्हा चालवतो. डीजेव्हीयू मुख्यतः अशाच क्रॅक आणि फुकटच्या सीरियल नंबरांतून पसरला. कॉम्प्युटर लॉक होण्याआधी कोणता प्रोग्रॅम टाकला होता हे आठवा. तो सेटअप बॅकअपमध्ये असेल तर तो पुसा.

दुसरं कारण ब्राउझर. फॉरमॅटनंतर क्रोम किंवा एजमध्ये लॉगिन केलं की बुकमार्कबरोबर जुनी एक्सटेन्शनही, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही, परत उतरतात. जाहिरातींचा भडिमार, सर्च भलतीकडे जाणं, अशी लक्षणं फॉरमॅटनंतरही राहिली तर बहुधा तेच असतं. विंडोज कितीही वेळा टाकलं तरी ती खात्यातून येत राहतात. लॉगिन करण्याआधी ठरवून सिंकमधून एक्सटेन्शन वगळा, नाहीतर लॉगिननंतर एकेक तपासून अनोळखी काढून टाका.

तिसरं कारण घरात विखुरलेले पेन ड्राइव्ह आणि दुसरा कॉम्प्युटर. २००८ मध्ये आलेला 'कॉन्फिकर' पेन ड्राइव्ह लावताच आपोआप चालू होण्याच्या सोयीवरही पसरला. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन पेन ड्राइव्हसाठी ती सोय जुन्या विंडोजवरही बंद केली. तेव्हापासून शॉर्टकटची युक्ती जास्त चालते. एक कॉम्प्युटर साफ केला आणि खणातले पेन ड्राइव्ह तसेच राहिले, तर साफसफाई अर्धीच झाली.

चौथं कारण अपडेट. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं. हल्ला झाला १२ मेला. मधे जवळजवळ दोन महिने होते. जुन्या डिस्कवरून विंडोज टाकून लगेच नेट जोडून फाइली उतरवायला घेणं म्हणजे तीच भोकं पुन्हा उघडी ठेवणं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पुढची सुरक्षा अपडेट मिळत राहण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. फॉरमॅट करायचाच असेल तर नवी आवृत्ती टाकता येते का, हे त्याच वेळी बघून घ्या.

अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. इमेज व्हायरससकट येते. लागण नेमकी कधी झाली हे कळत नसेल तर इमेज पूर्णपणे परत टाकू नका, तिच्यातून फक्त फाइली काढा.

नीट परत आणण्याचा क्रम असा ठेवा:

१. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर, निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा सेटअप तयार करा.

२. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून लिहून घ्या. बाहेरची डिस्कही त्याने बंद असेल, तर नव्या विंडोजमध्ये किल्लीशिवाय ती उघडणार नाही.

३. वाचवायचं ते सगळं वेगळ्या ड्राइव्हवर गेलं आहे याची खात्री करा. मग सेटअपमध्ये सीबरोबर जुन्या डिस्कवरची सगळी पार्टिशन पुसा.

४. विंडोज टाकल्यावर आधी सगळी अपडेट, मग अँटीव्हायरसची अपडेट. फाइलींची पूर्ण नावं दाखवण्याचा पर्यायही आत्ताच चालू करा. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाइल 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' अशी होती. विंडोज शेवटचं शेपूट लपवत असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. तीच चलाखी आजही चालते.

५. आता बॅकअपची डिस्क जोडा, पण काही उघडू नका. आधी तिचा पूर्ण स्कॅन. मग फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एवढंच उचला. सेटअप, क्रॅक, स्क्रिप्ट, 'डाउनलोड्स'चं अख्खं फोल्डर, यातलं काही नको. प्रोग्रॅम त्यांच्या मूळ कंपनीच्या साइटवरून नव्याने घ्या. वर्ड किंवा एक्सेलची जुनी फाइल मॅक्रो (फाइलीच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करायला सांगत असेल आणि त्यात मॅक्रो का असावा हे तुम्हाला माहीत नसेल, तर नकार द्या.

६. सगळे महत्त्वाचे पासवर्ड बदला, ईमेलपासून सुरुवात करून. साफसफाईच्या आधी बदलले असतील तरी पुन्हा बदला.

कॉपी मधेच अडते तेव्हा

बॅकअप नेमका अपुरा का राहतो याची कारणं बऱ्याचदा किरकोळ असतात. चार जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसेल तर डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली आहे. ती रिकामी करून एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. 'नाव फार लांब आहे' असं येत असेल तर फोल्डरच्या आत फोल्डर फार खोल गेली आहेत. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच चालतो, म्हणून वरच्या फोल्डरचं नाव छोटं करा. आउटलुक किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू असेल तर त्याची फाइल कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते, तेव्हा ते आधी बंद करा. आणि ज्या फाइलींवर ढगाची खूण आहे त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच, फक्त नाव आहे. त्यांना 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून खाली उतरू द्या, मग कॉपी करा.

काही गोष्टी हमखास विसरल्या जातात: ब्राउझरचे बुकमार्क, ईमेल प्रोग्रॅममधलं जुनं टपाल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं सी ड्राइव्हमध्ये आडजागी असलेलं डेटाचं फोल्डर. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते फॉन्टही सोबत ठेवावेत. नाहीतर फाइल वाचते, पण अक्षरं उलगडत नाहीत.

आधीच घालायचा अडसर

रोजच्या कामासाठी ॲडमिनचे अधिकार नसलेलं खातं वापरा. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमध्ये २०१७ पासून 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय आहे, पण ती मुळात बंद असते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली ती सापडेल. चालू केली की ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रॅमही अडतो, त्याला यादीत परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर मात्र ही सोय चालत नाही, त्याच्यात तशी वेगळी सोय आहे का ते बघा.

बॅकअप उघडून बघा

डिजिटल छायाचित्रकारांमध्ये रुजलेला ३-२-१ चा नियम पुष्कळांना माहीत असतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. घरासाठी तो पुरेसा आहे, फक्त त्यातली एक प्रत कशालाही न जोडलेली हवी. पण हा नियम पाळूनही रिकामी फोल्डर जपून ठेवलेली माणसं असतात, कारण बॅकअप उघडून कोणी बघितलेलाच नसतो.

तपासणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. दर तीन महिन्यांनी डिस्क तिथे जोडा, प्रत्येक मोठ्या फोल्डरमधली एक फाइल त्या कॉम्प्युटरवर कॉपी करून उघडा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे नेऊन बघा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. झिप केलेला बॅकअप असेल तर सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' हा पर्याय चालवा. मूळ फोल्डर आणि बॅकअप यांच्या फाइलींची संख्या ताडून बघा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो हाताने टाइप करून उघडतो का बघा. कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला पासवर्ड कॉम्प्युटरबरोबरच जातो.

यात काही कमी सापडलं तर लगेच नवी प्रत घ्या, पण जुनी डिस्क तोवर पुसू नका. नव्या प्रतीतल्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या, मोजल्या गेल्या, की मगच जुनीला हात लावायचा.